हातरंधा, पटाशी आणि धार: जुन्या सागवानासाठी सुरुवात कशी करावी?

सोनसळी

नमस्कार मंडळी. आमचं वाईजवळचं जुनं घर यंदा उतरवलं. तुळया विकल्या गेल्या, पण कडीपाटाच्या काही सागवानी फळ्या मी पुण्याला घेऊन आले. एक ते सव्वा इंच जाड, वरून काळ्याकुट्ट, आतून मात्र मधासारखा रंग. त्यातून आजीच्या पोथ्यांसाठी एक पेटी करायची आहे. कोपरे डव्हटेलने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या दातांनी जोडलेले, वर सरकतं झाकण.

फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे मशीनचा आवाज आणि धूळ दोन्ही नको. सगळं हाताने करायचं आहे. शेजारच्या काकांचा लोखंडी रंधा आणून एका फळीवर मारून पाहिला. काही ठिकाणी छान गुळगुळीत निघतं, आणि अर्ध्या वितीवर लगेच लाकूड उपटून खड्डे पडतात. दिशा बदलली की दुसरीकडे उपटतं.

पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकते. प्रश्न असे: कोणता रंधा, किती पटाश्या, धार लावायला दगड की डायमंड प्लेट? आणि हे उपटणं हत्याराचा दोष आहे की लाकडाचा?

नाना_वाकस

ताई, आधी एक सांगतो. बारा नगांचा पटाशीचा संच घेऊ नका. त्यातल्या चार वापराल, आठ गंजतील. ६, १२ आणि २० मिलिमीटर अशा तीन घ्या. डव्हटेलच्या पेटीला एवढ्या पुरतात. कडा तिरप्या घासलेल्या, म्हणजे बेव्हल एज पटाश्याच घ्या. चौकोनी कडेच्या जाड पटाशीने डव्हटेलचा कोपरा साफ होत नाही, बाजूचं लाकूड चेपतं.

रंधा चार नंबरचा. लोखंडी, साधारण साडेनऊ इंच लांब, दोन इंच पात्याचा. पुढे जमलं तर पाच नंबर.

उरलेल्या पैशातला मोठा वाटा धारेला. पन्नास वर्षं सुतारकी केलेल्या माणसाकडे मी शिकलो. त्याच्याकडे हत्यारं मोजकीच होती, पण एकही बोथट कधी पाहिलं नाही. दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांना धार, संध्याकाळी हत्यारं पेटीत ठेवण्याआधी परत धार. काकांच्या रंध्याचं पातं बाहेर काढून उजेडात धरा. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकली तर तो बोथटपणा आहे. धारदार कडेवरून उजेड परततच नाही.

रानवारा

सोनसळी, कडीपाटाचं लाकूड म्हणून आवर्जून सांगते. रंधा लावायच्या आधी फळ्या तारेच्या ब्रशने घासून घे, मग ओल्या फडक्याने पूस आणि वाळू दे. शंभर वर्षांची धूळ, चुन्याचे कण, मातीचा गिलावा हे सगळं त्या काळ्या थरात असतं. ते वाळूचे कण धार दोन फटक्यांत मारतात. पहिला काळा थर जुन्या करवतीच्या पात्याने किंवा स्क्रेपरने खरवडून काढ. चांगलं पातं त्यानंतर.

दुसरं, खिळे. वाड्यांच्या कामात लोखंडी चुका असतात आणि डोकं मोडून आत राहिलेल्या असतात. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरव. जिथे ओढ जाणवेल तिथे खडूने खूण कर.

आणि उपटण्याबद्दल: जुन्या सागात बरेचदा शिरा आलटून पालटून वळलेल्या असतात. एका पट्ट्यात त्या तुझ्याकडे चढतात, शेजारच्या पट्ट्यात उलट. फळीच्या कडेकडून बघ, रेषा कुठे वर येतायत ते दिसेल. चढत्या दिशेने मारायचं.

भिकबाळी

+१ नाना. वाचनखूण साठवली.

बोहरीआळी

पुण्यातच आहात तर ऑनलाइन कशाला? रविवार पेठेत बोहरी आळीत हात लावून, पाहून घेता येतं. जुनी हत्यारं हवी असतील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. तिथे कधीतरी विलायती चार नंबर सापडतो.

जुना रंधा घेताना मी हे बघतो: तळाच्या तोंडापाशी तडा आहे का, बाजूच्या गालांवर वेल्डिंगचा डाग आहे का, मूठ हलते का, फिरकीचं चाक सरकतं का. गंजाला घाबरू नका, वरवरचा गंज तासाभरात निघतो. पण पात्याच्या सपाट बाजूला धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील तर ते पातं सोडा. धार म्हणजे दोन पृष्ठं मिळतात ती रेघ. एका पृष्ठावर खड्डा असेल तर रेघेत खाच येणारच.

लाकडी रंध्याचाही विचार करा. देशी लाकडी रंधा स्वस्त असतो, हलका असतो आणि सागावर लोखंडी तळापेक्षा सहज सरकतो.

नाना_वाकस

बोहरीआळी, लाकडी रंध्यावर माझा हात बसलेला आहे, तरी नवख्याला तो नको म्हणेन. पातं पाचरीने बसवायचं, हातोडीच्या टिचक्यांनी खाली-वर करायचं. हे कान आणि हात तयार झाल्यावर येतं. शिवाय पावसाळ्यात तळ वाकतो, तो दरवर्षी सरळ करून घ्यावा लागतो. लोखंडीत चाक फिरवलं की पातं केसभर पुढे. शिकणाऱ्याचं लक्ष लाकडावर राहतं.

ओटावाकर

इथे कॅनडात मी लो-अँगल जॅक वापरतो, ६२ नंबरच्या धर्तीचा. त्यात पातं अवघ्या १२ अंशांवर बसतं आणि घासलेली बाजू वर असते. त्यामुळे २५ अंशांना घासलेलं पातं लाकडाला ३७ अंशांत भिडतं. उपटणाऱ्या लाकडासाठी ५० अंशांना घासलेलं दुसरं पातं ठेवायचं, ते ६२ अंशांत भिडतं आणि उपटणं जवळपास थांबतं. एक रंधा, दोन पाती, भाग बसवणं-सोडवणंही सोपं. सोनसळी यांच्यासाठी तोच सुचवेन.

रानवारा

ओटावाकर, रंधा उत्तम आहे, प्रश्न नाही. पण भारतात मागवला तर सीमाशुल्क धरून तिचं अख्खं बजेट त्यातच जाईल, पटाश्या आणि दगडाला काही उरणार नाही. आणि इतक्या उभ्या कोनात रंधा ढकलायला जोर लागतो. रुंद सागवानी फळीवर खांदे भरून येतात.

ओसाकातला_सदू

उपटण्याचं उत्तर स्वस्तातल्या चार नंबरमध्येच आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पात्यावर स्क्रूने बसणारी जी दुसरी लोखंडी पट्टी असते, चिपब्रेकर, ती बहुतेक जण धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे बसवतात. तिथे ती फक्त पातं दाबून धरते. इथे जपानमध्ये यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी पट्टीची ही जागा बदलत जाऊन काय होतं त्याचं जवळून चित्रीकरण केलं होतं. त्यात स्वच्छ दिसतं. पट्टी मागे असली की सालपट सरळ वर चढतं आणि धारेच्या पुढे लाकूड फाटत जातं. तेच उपटणं. पट्टी धारेपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरवर आणली की सालपट उठताक्षणी पुढे वाकतं, मुळाशी दाबलं जातं आणि फाट पुढे पळू शकत नाही.

०.१ मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकं. मोजायचं नाही, डोळ्यांनी ठरवायचं. पातं खिडकीकडे धरा, पट्टीच्या पुढे धारेची जेमतेम चकाकती कड दिसायला हवी. स्क्रू घट्ट करताना पट्टी थोडी पुढे सरकते, त्यामुळे आधी हलका आवळा, जागा बघा, मग घट्ट करा.

दोन अटी आहेत. पट्टीची कड पात्यावर पूर्ण टेकली पाहिजे. उजेडासमोर धरून मधून प्रकाश येत नाही ना बघा. येत असेल तर दगडाच्या काठावर तिची खालची बाजू घासा. आणि पट्टीचं नाक थोडं उभं असावं, ५० अंश किंवा जास्त. बाजारातल्या पट्ट्यांचं नाक बरेचदा बुटकं, गोल असतं, तिथे थोडा कोन घासून घ्या. नीट बसलं की सालपट कुरळं होऊन वेटोळं न घालता सरळ वर येतं. ती खूण.

भिकबाळी

सदू, तिकडे ते सालपटं काढायची स्पर्धा असते म्हणतात ते खरं का?

ओसाकातला_सदू

हो, केझुरोकाई. सुतार जमतात आणि रंध्याने एकसंध, जास्तीत जास्त पातळ सालपट काढायची स्पर्धा होते. दहा मायक्रॉनच्या खाली जातात. मायक्रोमीटरने मोजतात, तीन जागी. माझ्या केसाची जाडी त्याच्या पाचपट तरी असेल. मुद्दा असा की तिथे लोक रंध्याबद्दल कमी आणि दगडांबद्दल जास्त बोलतात.

धातूशास्त्री

धागा छान चाललाय. मी नाशिकला उष्मोपचाराच्या कामात होतो, त्यामुळे पोलादापुरतं लिहितो.

सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच संयुग लाकडाच्या पेशींमध्ये बसलेलं. म्हणून साग मऊ लागला तरी धार लवकर खातो. सोनसळी, तुम्हाला आंब्यावर काम करणाऱ्यापेक्षा अधिक वेळा धार लावावी लागेल हे आधीच धरून चाला.

पात्याच्या पोलादाचे ढोबळ तीन प्रकार भेटतील. साधं उच्च कार्बन किंवा ओ-१: दगडावर पटकन घासलं जातं, धार अतिशय बारीक येते, गंजतं. ए-२: जास्त टिकतं, पण घासायला वेळ घेतं आणि ३० अंशांच्या खाली घासलं तर कड तुटते. हायस्पीड: उष्णता सोसतं, साध्या तेलदगडाला दाद देत नाही. हाताने धार लावणाऱ्याने पहिलं घ्यावं. शिकताना लवकर घासलं जाणं हाच मोठा गुण आहे.

आणि ग्राइंडर. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे पटाशी देऊ नका. कार्बन पोलादाला कडक केल्यावर साधारण २०० अंशांवर ताव देऊन चिवट केलेलं असतं. कोरड्या ग्राइंडरवर पातळ कड काही क्षणांत ३०० अंशांवर जाते. निळा रंग चढला की समजायचं, तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. मग कितीही चांगला दगड घ्या, धार दहा मिनिटांत वळते. एकच इलाज, निळा भाग पूर्ण घासून मागे जायचं. नाइलाजाने ग्राइंडर वापरावा लागला तर बोटं कडेजवळ ठेवा आणि चटका बसायच्या आधी पाण्यात बुडवा. हातमोजे घालू नका, बोटांना कळलं पाहिजे.

सोनसळी

बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. काकांच्या पात्यावर ती पांढरी रेघ अगदी ठळक दिसली, नाना. पट्टीही दोन मिलिमीटर मागे होती, सदू.

आता धारेचं सांगा. दगड घेऊ की प्लेट? आणि कोन धरायला ते चाकवालं जिग वापरायचं की हाताने?

नाना_वाकस

हाताने. जिगची सवय लागली की सुटत नाही.

रानवारा

नाना, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही लहानपणापासून रोज बसून शिकलात, तिला शनिवार-रविवार मिळतो. जिगने पहिल्याच दिवशी खरी धार म्हणजे काय ते हाताला कळतं. एकदा ते कळलं की हाताने लावताना कुठे चुकतंय हे ओळखता येतं. ज्याने खरी धार अनुभवलीच नाही तो कशाशी ताडून बघणार?

नाना_वाकस

हे पटलं. रंध्याच्या पात्याला जिग, पटाशीला हात, असं करा. पटाशी अरुंद असते, जिगमध्ये डगमगते.

पाट्याचा_दगड

दगडाबाबत. तिन्ही वापरलेत म्हणून लिहितो.

दोन बाजूंचा तेलदगड स्वस्त आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. त्याची बारीक बाजूसुद्धा सागाच्या शेवटच्या हाताला थोडी जाडच पडते, म्हणून त्यानंतर चामड्यावर हिरवी पेस्ट लावून ओढायचं. जपानी पाणदगड, १००० आणि ६००० नंबरचे (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), धार सुंदर देतात, पण लवकर मधे खोलगट होतात आणि फ्लॅटमध्ये चिखल होतो. डायमंड प्लेट सपाट राहते, पाण्याचा शिडकावा पुरतो, ए-२ आणि हायस्पीडलाही चालते.

बजेटमध्ये माझं उत्तर: ४०० आणि १००० ची एक दुहेरी डायमंड प्लेट, आणि चामड्याचा पट्टा. पट्टा विकत घेऊ नका, जुन्या कमरपट्ट्याचं खरं चामडं फळीच्या तुकड्यावर चिकटवा. हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, पॉलिशच्या दुकानात वडी मिळते.

तेही नको असेल तर किचन ओटे बसवणाऱ्याकडून ग्रॅनाईटचा तुकडा आणा, त्यावर पाण्याने वॉटर पेपर चिकटवा. ४००, ८००, १५००, २०००. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात हे सगळे नंबर मिळतात. पहिला महिना यावर आरामात निघतो. पुढे कागदाचा खर्च वाढत जातो, तेव्हा प्लेट घ्या.

रानवारा

आता कृती. नवी पटाशी किंवा रंध्याचं नवं पातं आलं की आधी पाठ, म्हणजे सपाट बाजू. सगळी नाही, धारेपासून इंचभर. ती आरशासारखी झाली पाहिजे. स्केचपेनने रंगव आणि दगडावर चार वेळा ओढ. रंग जिथे उरला तिथे खोलगट आहे. धारेजवळचा रंग पुसला जाईपर्यंत चालू ठेव. हे एकदाच करायचं असतं, पण पहिल्यांदा वेळ खातं. कंटाळू नकोस, निम्मी धार पाठीवरच असते.

मग घासलेली बाजू. मूळ कोन २५ अंश राहू दे. पातं जिगमध्ये जरा मागे घेऊन फक्त टोकाला ३० अंशांचा बारीक पट्टा काढ. पूर्ण उतार घासायची गरज नाही, त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यावरच काम. चार-पाच हलके हात दे आणि पाठीवरून धारेकडे अंगठा आडवा सरकव. खरखरीत कड लागली, तर पोलाद वळून पलीकडे आलंय. ती कड सबंध रुंदीभर लागल्याशिवाय बारीक नंबरवर जायचं नाही. सगळ्यांचा घोळ इथेच होतो. मधे लागते, कोपऱ्याला लागत नाही, आणि लोक पुढे जातात.

कड आली की १०००, मग पाठ दगडावर सपाट ठेवून एक-दोन ओढण्या, मग चामडं. चामड्यावर फक्त ओढायचं, ढकलायचं नाही.

परीक्षा: पॅकिंगच्या खोक्याचा पाईनचा तुकडा घे आणि टोकाकडून, आडव्या शिरांवर, हाताने दाबून पातळ काप काढ. मऊ लाकूड चुरडलं तर धार नाही. चकचकीत काप निघाला तर डव्हटेल कापायला बस.

मिरजेचा_तंतुवाद्यवाला

धागा वाचून राहवलं नाही. थोडं अवांतर आहे, पण धारेशी थेट नातं आहे.

आमच्या मिरजेत सतार-तंबोरा बनवणाऱ्यांचं मूळ काम शस्त्रांना धार लावण्याचं होतं. शिकलगार घराणी. तलवारी-भाल्यांचं काम आटलं तशी ही माणसं वाद्यांकडे वळली, आणि फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांचा हात पोलादावर बसला होता त्यांनीच तुणीच्या लाकडाचे दांडे कोरले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. लाकूड ओळखणं पुढे आलं, हत्यार ओळखणं आधीचं होतं.

तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी पातळ लाकडी पाटी, कोरताना गोल पटाशी लागते. तिला धार आतून-बाहेरून दोन्हीकडे. बाहेरची बाजू दगडावर मनगट फिरवत घासायची, आतली बाजू गोल काठीवर गुंडाळलेल्या वॉटर पेपरने. तबली कुठे किती पातळ ठेवायची ते बोटाने टकटक करून आवाजावर ठरतं. बोथट पटाशीने जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की एका फटक्यात जास्त लाकूड जातं. पातळ तबलीत तो खड्डा परत भरता येत नाही.

आणि जवारी! तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग कानशीने इतका हलका घासतात की नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही, पण तार छेडली की आवाज उमलतो. सोनसळीताई, हाताने लाकूडकाम करायचं ठरवलंत, मनापासून आनंद झाला.

भिकबाळी

मिरजकर, यावर स्वतंत्र धागा काढाच. जवारीवर फोटोंसकट.

फणसपाटी

आमच्या सिंधुदुर्गात हत्यारांचा पहिला शत्रू हवा. जून ते सप्टेंबर रंधा उघडा ठेवला तर दोन दिवसांत तांबूस होतो. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा एका डबीत कायम ठेवा, काम संपलं की तळावर आणि पटाश्यांवर पुसा. पेटीत कापराच्या वड्या ठेवायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे, मी अजून पाळतो. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं आणि वर्षभरात चिकट होतं. चामड्याच्या म्यानात पटाशी ठेवू नका, चामडं ओल धरतं.

सराव करायचा असेल तर सागावर नको. सावंतवाडीची लाकडी खेळणी बनवणारे पूर्वीपासून पांगाऱ्यासारखं हलकं, मऊ लाकूड वापरत आलेत. असं लाकूड बोथट पटाशीला लगेच उघडं पाडतं, कापलं न जाता दबतं. त्यावर स्वच्छ कोपरा आला तर सागावर येणारच. पांगारा पुण्यात नाही मिळाला तर शिवणीचं लाकूड बघा.

ओटावाकर

धातूशास्त्री, एक शंका. इथे काही जण शून्याखाली गोठवलेलं ए-२ पातं घ्या म्हणतात. सागासाठी काही फरक?

धातूशास्त्री

असतो. कडक करताना थोडं पोलाद बदलायचं राहून जातं, अतिथंडीत तेही बदलतं, कडकपणा सारखा येतो. पण सागात झीज सिलिकेच्या कणांनी होते, तिथे फायदा मर्यादित. त्या पैशात सोनसळीताईंनी एक जास्तीचं पातं घ्यावं. एक बोथट झालं की दुसरं लावा, संध्याकाळी दोन्हींना एकदम धार.

सोनसळी

मंडळी, कळवायला आले.

बोहरी आळीतून देशी चार नंबर घेतला, ६-१२-२० च्या तीन पटाश्या, दुहेरी डायमंड प्लेट आणि जिग. चामडं बाबांच्या जुन्या पट्ट्याचं. नव्या रंध्याच्या पात्याची पाठ सपाट करायला अख्खा रविवार गेला, रानवारा म्हणाली तसंच. पट्टीच्या नाकाला सदूने सांगितलेला कोन दिला.

काल तीच फळी घेतली, जिथे काकांच्या रंध्याने खड्डे पडत होते. पट्टी कागदभर मागे, पातं अगदी कमी बाहेर. सालपट सरळ वर आलं, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. शिरा जिथे उलट्या होतात तिथे हात थोडा जड लागला, पण उपटलं नाही! एका गाठीजवळ मात्र थोडी कुसळं राहिली, तिथे स्क्रेपर लावला. पॉलिश पेपर लागलाच नाही. जुना साग इतका चमकतो हे मला माहीतच नव्हतं, आई हात फिरवत बसली होती.

आता डव्हटेलसाठी करवत. दुकानात दाखवली ती हातभर लांब, मोठ्या दातांची होती.

नाना_वाकस

शाब्बास ताई.

करवत छोटी, पाठीला पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेली. इंचाला पंधरा-सोळा दात, आणि दात उभ्या कापाचे, कारण डव्हटेलचे काप शिरांच्या दिशेने जातात. दातांची टोकं निळसर-काळी दिसली तर ते कडक केलेले दात, त्यांना कानस लागत नाही, बोथट झाल्यावर करवत टाकून द्यावी लागते. साधे दात घ्या म्हणजे बारीक त्रिधारी कानशीने स्वतः धार लावता येईल. प्रत्येक दाताला एक-दोन सारखे हात, मोजून. दात फार फाकवू नका, वाळलेल्या सागाला थोडंच फाकणं लागतं. जास्त फाकवलं तर काप रुंद होतो आणि सांधा ढिला.

ओसाकातला_सदू

किंवा ओढून कापायची जपानी दोझुकी. पातं पातळ असतं, काप सुईसारखा बारीक. पण तिचे दात सहसा कडक केलेले असतात, नाना म्हणतात ती अडचण राहतेच. शिवाय कठीण सागात दात तुटू शकतात, त्यामुळे उभ्या कापाचीच मागा.

रानवारा

आखणीसाठी पेन्सिल नको, सुरी. पॉवर हॅकसॉचं मोडकं ब्लेड वर्कशॉपवाले फुकट देतात. हायस्पीड पोलाद असतं, टोक तिरकं घासून एका बाजूलाच उतार दे, मागे सुतळी गुंडाळ. सुरीची रेघ पटाशीला टेकायला जागा देते, पेन्सिलची देत नाही. कापताना रेघेच्या टाकाऊ बाजूला कर, आणि तळ साफ करताना पटाशी आधी रेघेपासून मिलिमीटरभर दूर ठोक. मग शेवटचा काप हाताने, रेघेत. थेट रेघेत ठेवून मोगरी मारलीस तर पटाशी मागे सरकते, कारण उताराच्या बाजूचं लाकूड तिला ढकलतं.

अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. मधे कधी आरपार ठोकू नकोस, पलीकडचं लाकूड फुटतं.

बोहरीआळी

मोगरी बाभळीची घ्या किंवा करून घ्या. पटाशीच्या लाकडी मुठीवर लोखंडी हातोडी नको.

रविवारी मी जुन्या बाजारात जाणार आहे, मागे एकाकडे पितळी पाठीची करवत पाहिली होती. सोनसळी, यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत या, नंतर चांगला माल उचलला जातो. दात बघायला भिंग आणा.

सोनसळी

नक्की येते, भिंग आणि चुंबक दोन्ही घेऊन. तोवर पाईनच्या खोक्यावर डव्हटेल कापायचा सराव. नाना, पेटीच्या बाजूंची जाडी १५ मिलिमीटर ठेवली आहे, डव्हटेलचा उतार किती धरू?

नाना_वाकस

सागाला आठास एक, म्हणजे आठ भाग लांबीला एक भाग तिरकं. मऊ लाकडाला सहास एक. पाईनवर सराव करताना सहानेच करा.